अंधारी लेणी, लख्ख आकाश आणि एकच फोटो : एक्स्पोजर ब्रॅकेटिंग म्हणजे नेमकं काय?

कार्ल्याला एकविरा देवीचं दर्शन झालं की बरेच जण शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात. आत थेट स्तूपापर्यंत चालत जायचं आणि मागे वळून दाराकडे बघायचं. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर छताला लाकडी फासळ्या आणि समोर ती भलीमोठी नालाकृती खिडकी. तिच्यातून आत येणारा उजेड बघून हात आपोआप मोबाईलकडे जातो.

फोटो मात्र हमखास फसतो. खांब नीट दिसावेत म्हणून स्क्रीनवर खांबाला बोट लावलं, की खिडकीच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखं दिसतं. खिडकीला बोट लावलं, तर बाहेरचं आकाश छान निळं येतं, पण खांब, फासळ्या आणि समोर उभी असलेली घरची मंडळी सगळी काळोखात जातात. डोळ्यांना तर दोन्ही गोष्टी दिसत होत्या, मग कॅमेऱ्याला का नाही?

याच प्रश्नावर फोटोग्राफर गेली दीडशेहून जास्त वर्षं उत्तरं शोधत आहेत. त्यातलं सगळ्यात भरवशाचं उत्तर म्हणजे एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढायचे आणि नंतर ते एकत्र करायचे. त्यातून तयार होतो तो एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज फोटो. मोबाईलमध्ये 'एचडीआर' हा शब्द आपण रोज बघतो, पण तो नेमकं काय करतो हे फार कमी जणांना माहीत असतं.

कॅमेरा नेमका कुठे अडतो?

पावसाळ्यात गच्चीवर शेकडो वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण असाच असतो. प्रत्येक वाटी म्हणजे एक पिक्सेल आणि पाऊस म्हणजे प्रकाश. शटर उघडं असेपर्यंत वाट्यांत पाणी जमतं आणि शटर बंद झालं की कोणत्या वाटीत किती पाणी आहे ते मोजलं जातं.

आता जिथे मुसळधार पाऊस आहे, तिथल्या वाट्या काठोकाठ भरून वाहू लागतात. वाटी एकदा भरली की तिच्यावर थोडा जास्त पाऊस पडला की दुप्पट पडला, हे सांगता येत नाही. सगळ्या भरलेल्या वाट्या सारख्याच. खिडकीबाहेरचे ढग आणि आकाश एकसारखे पांढरे होतात ते यामुळे. याला फोटोग्राफर हायलाइट्स जळणं म्हणतात. जळलेल्या भागातली माहिती मुळात नोंदलीच गेलेली नसते. त्यामुळे नंतर एडिटिंगमध्ये स्लायडर कितीही ओढला, तरी पांढऱ्याचा करडा होतो, ढग काही परत येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या कोपऱ्यातल्या वाट्यांत चार-दोन थेंबच पडतात. शेजारच्या दोन वाट्यांत फरक दिसला, तर तो खरा आहे की केवळ योगायोगाने एकीत एक थेंब जास्त पडला, हे कळायला मार्ग नाही. प्रकाशाचे कणही असेच अनियमितपणे येतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण येत असतील, तर त्यात साधारण १०चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण आले तर चढउतार १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधारातला फोटो नंतर उजळ केला की त्यावर रांगोळी सांडल्यासारखे जे ठिपके दिसतात, तो नॉईज यातूनच येतो.

काठोकाठ भरलेली वाटी आणि जेमतेम थेंब असलेली वाटी, या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे त्या सेन्सरची डायनॅमिक रेंज. ती स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट आणि दहा स्टॉप म्हणजे तब्बल १,०२४ पट.

भर दुपारचं बाहेरचं ऊन आणि लेणीतला आतला कोपरा यांच्यात दहा स्टॉपचा फरक सहज असतो. शिवाय बाहेरच्या उन्हातही काही ढग जास्त उजळ असतात आणि आतल्या कोपऱ्यातही काही सावल्या जास्त गडद. ते धरलं की दृश्याचा एकूण पसारा आणखी वाढतो. चांगल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांची रेंज प्रयोगशाळेतल्या मोजमापात १४ स्टॉपच्या आसपास भरते खरी, पण तळाचे दोन-तीन स्टॉप नॉईजने भरलेले असल्यामुळे ते बघण्यासारखे नसतात. मोबाईलचा सेन्सर तर नखाएवढा. त्याच्या वाट्याच मुळात लहान.

मग डोळ्यांना कसं जमतं? डोळे एका क्षणात सगळं बघतच नाहीत. नजर खिडकीकडे गेली की बाहुली आकसते, कोपऱ्याकडे वळली की मोठी होते. डोळ्याचा पडदाही उजेडाशी जुळवून घेत राहतो. हे सगळे तुकडे जोडून मेंदू एक चित्र तयार करतो. ब्रॅकेटिंगमध्ये कॅमेऱ्याकडून हेच करून घेतलं जातं.

ब्रॅकेटिंग करायचं म्हणजे काय करायचं?

ब्रॅकेट म्हणजे कंस. कॅमेऱ्याला योग्य वाटलेलं एक्स्पोजर मध्ये ठेवायचं आणि त्याच्या एका बाजूला कमी उजेडाचे, दुसऱ्या बाजूला जास्त उजेडाचे फोटो काढून त्याला कंसात घ्यायचं. फिल्मच्या काळात हा मुख्यतः विम्याचा हप्ता होता. रोल धुऊन येईपर्यंत फोटो कसा आला हे कळत नसे, म्हणून तीन काढून ठेवायचे आणि त्यातला एक निवडायचा. एचडीआरमध्ये निवडायचं काहीच नसतं. प्रत्येक फोटोतला चांगला भाग वापरायचा असतो.

कार्ल्याचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ आहे. खिडकीबाहेरचं आकाश १/१००० सेकंदात नीट येतंय आणि आतला अंधारा कोपरा नीट दिसायला १ सेकंद लागतोय. या दोन टोकांत दहा स्टॉपचं अंतर आहे. दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्या केल्या तर १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद असे सहा फोटो होतात. पहिल्यात खिडकी सोडून सगळं काळं. शेवटच्यात खिडकी म्हणजे नुसता पांढरा गोळा, पण कोपऱ्यातल्या दगडावरचे छिन्नीचे घावसुद्धा दिसतात. मधल्या चार फोटोंत खांब एकामागून एक उजेडात येत जातात.

इथे बहुतेक नवशिके एक चूक करतात. कॅमेऱ्यात एईबी नावाची सोय असते, म्हणजे ऑटो एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. त्यात तीन फोटो आणि एक-एक स्टॉपचं अंतर निवडायचं आणि झालं ब्रॅकेटिंग, असं त्यांना वाटतं. यातून दृश्याचे फक्त दोन स्टॉप जास्त हाती लागतात. आजच्या कॅमेऱ्याच्या एका रॉ फाइलमधूनही तेवढं सहज ओढून काढता येतं. म्हणजे मेमरी कार्ड तिप्पट भरतं आणि हाती फार काही लागत नाही.

किती फोटो काढायचे हे सवयीने ठरवायचं नसतं, ते दृश्यावरून ठरतं. आधी सगळ्यात उजळ भाग बघायचा. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकायचा थांबला की समजायचं, हा पहिला फोटो. मग उलट्या टोकाला जायचं. सगळ्यात गडद भाग आलेखाच्या डाव्या भिंतीपासून सुटून मध्याच्या आसपास आला की तो शेवटचा फोटो. मधलं अंतर दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्यांनी भरायचं. एखादा फोटो जास्त झाला तरी बिघडत नाही, पण उजळ टोकाचा फोटो राहून गेला तर बाकीचे पाच असूनही खिडकी पांढरीच राहणार.

कॅमेऱ्याची एईबी तीन फोटोंवरच थांबत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये शटरचा डायल हाताने फिरवता येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलची एक टिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. म्हणजे सहा टिक झाल्या की दोन स्टॉप.

बदलायचं ते फक्त शटर. पण का?

उजेड कमी-जास्त करायचे तीन मार्ग आहेत : शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. ब्रॅकेटिंगमध्ये मात्र शटरलाच हात लावायचा.

अ‍ॅपर्चर बदललं की फोटोत किती खोलीपर्यंत गोष्टी स्पष्ट दिसतात तेही बदलतं. एका फोटोत स्तूप आणि दार दोन्ही स्पष्ट, दुसऱ्यात दार पुसट, असे फोटो एकमेकांवर बसवले तर कडा दुहेरी दिसतात. आयएसओ वाढवला तर आत येणारा प्रकाश वाढत नाही, हाती आलेल्या तेवढ्याच प्रकाशाचा आवाज मोठा केला जातो. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर खरोखरच जास्त प्रकाश गोळा होतो आणि सावल्यांमधला नॉईज मुळातच कमी येतो. हवं होतं ते हेच.

बाकीच्या सूचनाही याच कारणातून निघतात. फोकस एकदा लावून मॅन्युअल करून ठेवायचा, नाहीतर अंधाऱ्या फोटोच्या वेळी कॅमेरा चाचपडत बसतो. व्हाइट बॅलन्स कायम ठेवायचा, नाहीतर एक फोटो पिवळसर आणि दुसरा निळसर येतो. रॉ फाइल घ्यायची, कारण साध्या जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. ट्रायपॉड असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने कॅमेरा हलत नाही.

ट्रायपॉडचा मुद्दा आपल्याकडे जरा नाजूक आहे. कार्ल्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये तो लावायला आधी परवानगी लागते. त्यामुळे सर्वसामान्य पर्यटकाला हातातच कॅमेरा धरावा लागतो आणि हातात १ सेकंद शटर म्हणजे फोटो हलणार हे नक्की. अशा वेळी थोडी तडजोड करावी लागते. आयएसओ ८०० केला तर हीच मालिका १/८००० ते १/८ सेकंद अशी होते. कोपर छातीशी घट्ट धरून, कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन सुरू ठेवून आणि कंटिन्युअस मोडमध्ये एका दमात सगळे फोटो काढले तर १/८ जमून जातं. फोटो एकमेकांपासून थोडे सरकले तरी सॉफ्टवेअर ते जुळवून घेतं. नॉईज थोडा वाढतो, पण खिडकी जळलेली परवडत नाही.

आणि समोरून माणूस गेला तर?

ब्रॅकेटिंगचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड किंवा अंधार नाही. तो आहे हालचाल. सहा फोटो काढायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात खांबापाशी उभी असलेली बाई दोन पावलं पुढे गेली, तर एकत्र केलेल्या फोटोत ती अर्धीमुर्धी, आरपार दिसणारी अशी दोन-तीन ठिकाणी उमटते. याला घोस्टिंगच म्हणतात. झाडाची पानं, समुद्राच्या लाटा, झेंडे, समईची ज्योत, सगळीकडे हा त्रास होतो.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डीघोस्टचा पर्याय असतो. जिथे फोटो एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे तो सगळ्यांची सरासरी न काढता एकाच फोटोतला भाग उचलतो. साध्या हालचालीसाठी हे पुरतं. पण चैत्रात एकविरेच्या जत्रेला लेणीच्या दाराशी जी गर्दी असते, तिचं ब्रॅकेटिंग करायला जाऊ नये. तिथे माणसं नीट आली पाहिजेत, खिडकी जळली तर जळली.

ही युक्ती आली कुठून?

१८५०च्या दशकात फ्रान्सचे फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होते. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवरचं रसायन निळ्या प्रकाशाला फारच संवेदनशील होतं. समुद्र नीट येईपर्यंत आकाश पार जळून जायचं. ल ग्रे यांनी आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एक प्रिंट काढली. सेत इथल्या लाटेचा त्यांचा १८५७ सालचा प्रसिद्ध फोटो असाच दोन निगेटिव्हचा आहे. गंमत म्हणजे एकच आवडतं आकाश त्यांनी वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं. आजच्या भाषेत बोलायचं तर हे 'स्काय रिप्लेसमेंट' झालं!

शंभर वर्षांनी प्रश्न आला अणुस्फोटाचा. स्फोटाच्या गोळ्याचा उजेड आणि आजूबाजूचा परिसर एकाच फिल्मवर येणार कसा? अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी १९५०च्या दशकात तीन थरांची फिल्म तयार केली. एक थर अतिशय संवेदनशील, दुसरा मध्यम, तिसरा जवळजवळ आंधळा. एकाच क्षणी तीन एक्स्पोजर. हे ब्रॅकेटिंग खरं, पण वेळेतलं नाही, फिल्मच्या जाडीतलं.

आज आपण जो एचडीआर वापरतो त्याचं गणित मात्र १९९०च्या दशकातलं आहे. १९९५मध्ये स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे डिजिटल फोटो एकत्र करण्याची पद्धत मांडली. १९९७च्या सिग्राफ परिषदेत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध आला आणि तो या क्षेत्राचा पाया ठरला. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये प्राध्यापक. डेबेवेक त्यांचेच विद्यार्थी.

या निबंधात उदाहरण म्हणून घेतलेलं दृश्य कार्ल्याच्या चुलत भावासारखं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातलं मेमोरियल चर्च. आत अंधार आणि रंगीत काचेच्या खिडकीमागे थेट सूर्य. त्यांनी साध्या फिल्म कॅमेऱ्याने एक-एक स्टॉपच्या अंतराने १६ फोटो काढले. पहिला ३० सेकंदांचा, शेवटचा १/१००० सेकंदाचा.

पुढची कल्पना अगदी साधी आहे. खिडकीतला एखादा बिंदू १६ पैकी प्रत्येक फोटोत वेगळा उजळ दिसतो, पण खरा बिंदू तर एकच आहे. शटर किती वेळ उघडं होतं हे माहीत असेल, तर मिळालेल्या प्रकाशाला त्या वेळेने भागलं की त्या बिंदूचा खरा उजेड कळायला हवा. अडचण अशी की फिल्म किंवा कॅमेरा प्रकाशाची नोंद सरळ हिशोबाने करत नाही, वाकडीतिकडी करतो. तो वाकडेपणा नेमका कसा आहे, हे त्या फोटोंवरूनच शोधून काढायची रीत डेबेवेक आणि मलिक यांनी दिली. मग प्रत्येक बिंदूसाठी मतदान घ्यायचं. ज्या फोटोत तो बिंदू जळलेला नाही आणि काळोखात बुडालेलाही नाही, त्याचं म्हणणं जास्त ऐकायचं. जिथे तो टोकाला गेला आहे, त्या फोटोचं जवळजवळ ऐकायचंच नाही. शेवटी हातात येतो तो दृश्यातल्या खऱ्या उजेडाचा नकाशा.

मग एचडीआर फोटो इतके भडक का दिसायचे?

२००५ ते २०१२च्या आसपास इंटरनेटवर असलेल्यांना तो काळ आठवत असेल. जांभळं आकाश, कोळशासारखे ढग, इमारतींभोवती पांढरी आभा आणि चेहऱ्यांवर काजळी. एचडीआर म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं.

दोष ब्रॅकेटिंगचा नव्हता, त्याच्या पुढच्या पायरीचा होता. उजेडाचा खरा नकाशा तयार झाला तरी मोबाईलचा किंवा कॉम्प्युटरचा साधा स्क्रीन एवढा मोठा फरक दाखवूच शकत नाही. त्यामुळे तो पसारा दाबून स्क्रीनवर मावेल असा करावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. सॉफ्टवेअर फोटोच्या प्रत्येक भागाला वेगवेगळं उजळ-गडद करतं आणि हे प्रमाणाबाहेर गेलं की उजळ आकाश आणि गडद भिंत यांच्या सीमेवर ती आभा उमटते. आकाश जमिनीपेक्षा काळं दिसायला लागलं की बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं, भले नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी.

२००७मध्ये टॉम मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी एक्स्पोजर फ्यूजन ही वेगळी वाट दाखवली. त्यात उजेडाचा नकाशा वगैरे तयारच करायचा नाही. प्रत्येक फोटोतला जो भाग स्पष्ट, रंगांनी भरलेला आणि मध्यम उजेडाचा असेल, तो घ्यायचा आणि अलगद मिसळायचा. यातून येणारा फोटो सहसा शांत दिसतो. एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं. सुरुवात करणाऱ्यांनी आधी हेच वापरून बघावं.

मोबाईल काय करतो?

सप्टेंबर २०१०मध्ये आयफोन ४ला सॉफ्टवेअर अपडेटमधून एचडीआर मिळालं. ते सरळसरळ ब्रॅकेटिंगच होतं. कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो काढायचे आणि जोडायचे. हात हलला किंवा समोरचा हलला की फोटो बिघडायचा. म्हणूनच बहुधा साधा फोटोही सोबत सेव्ह व्हायचा.

गूगलच्या इंजिनिअरांनी वेगळाच विचार केला. त्यांच्या एचडीआर प्लसमध्ये ब्रॅकेटिंग नव्हतंच! फोन एकाच एक्स्पोजरचे अनेक फोटो झपाट्याने काढायचा आणि तेही सगळे मुद्दाम अंधारे. अंधारे असल्यामुळे खिडकी जळत नाही. सगळे सारखेच असल्यामुळे एकमेकांवर बसवणं सोपं, घोस्टिंग कमी. राहिला प्रश्न सावल्यांमधल्या नॉईजचा. त्यावर उपाय सरासरीचा. नॉईज प्रत्येक फोटोत वेगळा असतो, दृश्य तेच असतं. नऊ फोटोंची सरासरी काढली की नॉईज साधारण एक तृतीयांशावर येतो. वाट्यांच्या भाषेत, एक मोठी वाटी ठेवण्याऐवजी छोट्या वाटीने नऊ वेळा पाणी मोजायचं.

त्यातही एक गंमत आहे. कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडल्यापासून फोन गुपचूप फोटो काढतच असतो आणि जुने पुसत असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा आधीच काढलेले फोटो वापरले जातात, म्हणून फोटो क्षणात निघाल्यासारखा वाटतो.

पण अगदी गडद सावल्यांमध्ये ही युक्तीही कमी पडत होती. म्हणून २०२०मध्ये पिक्सेल ५ आणि ४ए ५जीपासून गूगलने ब्रॅकेटिंग परत आणलं. अंधाऱ्या फोटोंच्या जोडीला एक जास्त वेळाचा फोटो, तोही बटण दाबल्यानंतर काढलेला. म्हणजे गाडी फिरून ल ग्रे यांच्या दारात आली. आकाशासाठी एक, समुद्रासाठी एक.

ज्यांना फोनमध्ये हे सगळं स्वतःच्या हातात हवं असेल, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे. बहुतेक फोनवर त्यात एक्स्पोजर ब्रॅकेटिंगचा मोड चालतो आणि प्रत्येक फोटो वेगळा सेव्ह होतो.

एक गोंधळ इथेच दूर केलेला बरा. सोशल मीडिया स्क्रोल करताना मध्येच एखादा फोटो बाकीच्यांपेक्षा लख्ख चमकतो, त्यालाही एचडीआरच म्हणतात. पण ती गोष्ट दाखवण्याची आहे, काढण्याची नाही. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून आलेल्या अल्ट्रा एचडीआर फोटोंत जादा उजेडाची माहिती वेगळी साठवलेली असते आणि स्क्रीनमध्ये दम असेल तर ती दाखवली जाते.

मग हा फोटो खरा म्हणायचा का?

हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा राहिलेला नाही. १९८२च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं विमान फोर्टीन्थ स्ट्रीट पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. ७८ जणांचा जीव गेला. त्या अपघाताला ३० वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २०१२मध्ये, वॉशिंग्टन पोस्टने पहिल्या पानावर त्या पुलाचा फोटो छापला. तो एचडीआर होता. अनेक फोटो जोडून तयार केल्याचं ओळीत स्पष्ट लिहिलंही होतं. तरी वृत्तछायाचित्रकारांमध्ये वाद पेटला.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की बातमीचा फोटो म्हणजे एक क्षण. वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे जोडले तर तो चित्रासारखा होतो, पुरावा राहत नाही. दुसऱ्या बाजूने उत्तर होतं की डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळ एचडीआर जातो. एका एक्स्पोजरच्या फोटोतली काळीकुट्ट सावली तरी कुठे खरी असते?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. दृश्य स्थिर असेल तर ब्रॅकेटिंग फारसं खोटं बोलत नाही. लेणीचा खांब तीन सेकंदांत बदलत नाही. पण मोर्चात कोण कोणाच्या किती जवळ उभं होतं, हात वर आधी कोणाचा गेला, हे दाखवायचं असेल तर एका सेकंदाच्या चतुर्थांशालाही अर्थ असतो.

त्यानंतरच्या काळात मात्र एक विचित्र गोष्ट झाली. आज घटनास्थळी कोणीतरी मोबाईलवर काढलेला आणि चॅनेलवर, वेबसाइटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा बहुतेक प्रत्येक फोटो पाच-दहा फोटो जोडून तयार झालेला असतो. २०१२मध्ये ज्यासाठी ओळीत खुलासा छापावा लागला, तो आता कोणी छापत नाही, कारण काढणाऱ्यालाही ते माहीत नसतं. वेगाने हलणाऱ्या माणसाचा हात अशा फोटोत तुटल्यासारखा किंवा दुहेरी दिसला, की लगेच 'हा एआयचा फोटो आहे' अशी कमेंट येते. फोटो खोटा असेलही. पण त्या हाताला फोनचं जोडकामही कारण असू शकतं. निकाल देण्याआधी त्याच घटनेचा दुसऱ्या कोणी काढलेला फोटो शोधावा.

ब्रॅकेटिंग कधी करू नये?

सूर्य पाठीमागे असेल, आकाश ढगाळ असेल, धुकं असेल, तर गरज नाही. हिस्टोग्राम दोन्ही भिंतींपासून सुटलेला असेल तर एक रॉ फोटो पुरे. मुलं, पक्षी, नाच, मिरवणूक यांच्या वाटेला ब्रॅकेटिंग घेऊन जाऊ नये. सूर्यास्तासमोर उभ्या असलेल्या माणसाची काळी आकृतीच सुंदर दिसत असेल, तर तिचा चेहरा उजळवून दाखवायचा हट्टही करू नये. काही अंधार तसाच चांगला असतो.

आणि कार्ल्याला जाणार असाल तर शक्यतो सकाळी जा. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन दारावर येतं, फोटोतला फरक वाढतो आणि सहा फोटोंचे आठ करावे लागतात. सकाळी दारासमोर सावली असते, गर्दी थोडी कमी असते आणि चार फोटोंत काम होऊन जातं.